शिबपूरची अंबाडी

गच्चीवरच्या कुंडीतली अंबाडी कमरेएवढी झाली, तेव्हा शेजारचे काका कठड्यापाशी येऊन बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बौदी, एटा सिद्धी गाछ ना?” मी एक पान खुडून त्यांच्या हातावर ठेवलं आणि चावून बघा म्हटलं. त्यांनी चावलं, आंबट लागल्यावर चेहरा मोकळा झाला आणि ते म्हणाले, “ओ, मेस्ता!”

सिद्धी म्हणजे भांग. त्यांची शंका खुळी नव्हती. अंबाडीचं खालचं पान साधं, हृदयाच्या आकाराचं असतं. पण झाड वाढू लागलं की वरची पानं पंजासारखी फाटत जातात, कडेला करवतीचे दाते येतात, आणि दुरून बघणाऱ्याला ती भांगच वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने अंबाडीच्या नावातच ‘कॅनाबिनस’ म्हणजे भांगेसारखी, असा शब्द घातला. फरक हातात घेतल्यावर कळतो. अंबाडीचं पान कितीही फाटलं तरी देठाशी ते एकच राहतं, भांगेच्या पानाची बोटं मात्र देठापर्यंत सुटी असतात. आणि अंबाडीला वास जवळजवळ नसतोच. आपल्याकडे तिची भाजी करतात, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. इथे बंगालमध्ये तिला मेस्ता म्हणतात आणि तिचा धागा तागाबरोबर गिरणीत जातो. हावड्याच्या नदीकाठाने जुन्या ज्यूट गिरण्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत. ज्या पाल्याला मी भाजी समजत आले, तो या गावात पोत्याचा भाऊ आहे, हे मला इथे येऊन कळलं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे हॅम्बुर्गहून आलेला भाचीचा फोन. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला स्वतःच्या वापरासाठी घरी गांजाची तीन झाडं लावायची मुभा मिळाली. तिच्या नवऱ्याने बाल्कनीत एक लावलं होतं. बियांच्या पाकिटावर एका केकचं नाव, आणि खाली लिहिलेलं : व्हॅनिला, लोणी, ताजी बिस्किटं. शिवाय हे वाण थंड हवेत तयार होतं, अशी ग्वाही. भाची स्वतः काही घेत नाही, पण झाडाच्या वासाने ती चक्रावून गेली होती. म्हणाली, “मावशी, अगं खरंच बेकरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. हे झाड मूळचं आपल्याकडचं ना? मग आपल्याकडे ते असं गोड का नव्हतं?”

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. मी राहते तिथून वनस्पती उद्यानाचं फाटक चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि सकाळच्या फेरीत मी तो प्रश्न रोज बरोबर नेऊ लागले.

शिबपूरची ही बाग १७८७ सालची. कर्नल रॉबर्ट किड या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने ती उभी केली. आज लोक येतात ते महावटवृक्ष बघायला. त्याचं मूळ खोड १९२५ साली बुरशी लागल्यामुळे काढून टाकावं लागलं आणि तरीही ते झाड पारंब्यांवर पसरतच आहे. पण बाग वडासाठी नव्हती. ती होती एका ठिकाणची झाडं दुसऱ्या ठिकाणी रुजवून बघण्यासाठी. चीनहून आलेल्या चहाच्या बियांची हजारो रोपं १८३५ च्या सुमारास इथेच वाढवून पुढे डोंगराळ मुलखांत पाठवली गेली. किडने जायफळ लावून पाहिलं, लवंग लावून पाहिली, युरोपातली थंड हवेची फळझाडं लावून पाहिली. बंगालच्या हवेने त्यांतल्या बहुतेकांना नकार दिला. पुढच्या अधीक्षकांनी तो नकारही बागेच्या मिळकतीत धरला, आणि ते मला मोठं वाटतं. काय रुजत नाही हे एकदा पक्कं कळलं की पुढच्या माणसाचा पैसा आणि उमेद वाचते.

कंपनीला आणखी एक गोष्ट हवी होती : दोर. जहाजांचे दोर आणि शिडं हेंपच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, धाग्याची, आणि तो हेंप इंग्लंडला बाल्टिकच्या वाटेने रशियाकडून घ्यावा लागे. हिंदुस्थानात तेच झाड रानोमाळ उगवतं म्हटल्यावर तो इथून का मिळू नये? किडनंतर १७९३ साली बागेवर आलेल्या विल्यम रॉक्सबर्गने इथल्या कितीतरी झाडांचे धागे काढून, त्यांना वजनं लावून, कोण किती ताण सोसतो ते तपासलं. सण, अंबाडी, ताग. हावड्याचं पुढचं नशीब ज्या तागाने घडवलं, त्याच्या धाग्याकडे कंपनीचं लक्ष वेधणाऱ्यांत हाच माणूस होता. पण मैदानातली भांग दोराला फारशी कामी आली नाही. इथले शेतकरी तिला धाग्यासाठी लावतच नव्हते. धाग्यासाठी ती लावत वर हिमालयात, कुमाऊं-गढवालकडे, जिथे तिच्या सालीचं जाडंभरडं कापड होई आणि बियांची चटणी आजही होते. म्हणजे थंडीत या झाडाने अंगावर घालायला आणि ताटात वाढायला दिलं, आणि खालच्या उबेत राळ दिली. लिनियसने १७५३ साली त्याला ‘सटायव्हा’ म्हटलं होतं. तीसेक वर्षांनी लामार्कने हिंदुस्थानातून गेलेले नमुने पाहिले आणि हे झाड निराळंच आहे असं ठरवून ‘इंडिका’ हे दुसरं नाव दिलं. दोन जाती की एक, हा वाद अजून मिटलेला नाही. झाडाच्या बाजूने पाहिलं तर त्याने इतकंच केलं, की जिथे गेलं तिथली हवा ऐकली.

याच बागेच्या वनस्पतिसंग्रहाचा अभिरक्षक डेव्हिड प्रेन. १८९३ साली त्याने गांजाच्या लागवडीवर आणि वापरावर एक अहवाल लिहिला. प्रेन पुढे या बागेचा प्रमुख झाला आणि मग लंडनच्या क्यू उद्यानाचा. पण मला तो आवडतो नौगावच्या शेतात उभा असलेला. राजशाहीकडचा नौगाव, आता बांगलादेशात. तिथे सरकारी परवान्याने गांजा पिकवला जाई आणि त्या टापूला ‘गांजा महाल’ असंच म्हणत. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नर राहिला तर मादीला बी धरतं आणि राळेचा शेंडा हलका पडतो. म्हणून फुलं उमलायच्या आत नर ओळखून उपटायचे. हे काम करणारा माणूस निराळा असे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत, म्हणजे आपल्या शब्दांत पारखी. तो ओळीओळीने चाले, शेंड्याची बारीक कळी बोटाने उलगडून बघे आणि नर असेल तर रोप उपटून टाके. उमलायच्या आधी कळीत नर ओळखणं म्हणजे काय, हे ज्याने भोपळ्याच्या वेलाखाली वाकून नराची आणि मादीची कळी शोधली आहे त्याला थोडंफार समजेल. भोपळ्याची मादी निदान गळ्यात इवलंसं फळ घालून येते. इथे तीही खूण नाही, नुसती मोहरीएवढी कळी. प्रेनने या फुलांचा इतका अभ्यास केला की त्यांच्या रचनेवर आणि विकृतींवर त्याने पुढे स्वतंत्र लेख लिहिला. पण त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ते ज्ञान परखदाराच्या बोटांत होतं. कोणाच्या नावावर नाही, पेटंट नाही, पाकीट नाही. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्था काढली. १९८० च्या दशकात तिथली लागवड बंद झाली, आणि ती बोटं गेली. आज हॅम्बुर्गला पाकिटात जे बी येतं ते ‘फक्त मादी’ असं हमीने येतं. परखदाराचं काम प्रयोगशाळेत होतं. सोय मोठी आहे, मी नाही म्हणत नाही. पण नौगावचा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता भाचीचा प्रश्न. आपल्याकडे ते गोड का नव्हतं?

गोड होतं की. पण गोडी झाडात नव्हती, झाडाभोवती होती. नदीपलीकडे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी हा तरुण आयरिश डॉक्टर प्राध्यापक होता. १८३९ साली त्याने गांजावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. धनुर्वात, पटकी, संधिवात, तान्ह्या मुलांचे झटके, यांवर त्याने हे औषध जपून वापरून पाहिलं आणि पाश्चात्त्य वैद्यकाला त्याची नीट ओळख करून दिली. त्या निबंधात एक वेगळाच माणूस भेटतो : अमीर. कलकत्त्यात भांगेच्या शौकिनांचा नावाजलेला अड्डा चालवणारा. ओशॉनेसी त्याला त्याच्या धंद्यातला सगळ्यात उत्तम कारागीर मानला जातो असं म्हणतो आणि माजूम कसं करतात हे त्याच्याकडून समजून घेऊन लिहितो. तूप, साखर, दूध, कोळशाची आच. माजूम हा शब्द आपल्या जुन्या मराठी कोशातही आहे, म्हणजे ती वडी आपल्याकडेही होती. मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक एका अड्डेवाल्याची कृती इतक्या आदराने टिपून घेतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

माजूम असो, होळीची थंडाई असो, की विजयादशमीला दुर्गा विसर्जन करून आल्यावर बंगाली घरांत वडीलधाऱ्यांपासून सगळ्यांना घोट घोट दिलं जाणारं सिद्धीचं सरबत असो, रीत सगळीकडे तीच दिसते. मूळ पाला कडू आणि उग्र. त्याला सोसण्याजोगं करायला दूध, बडीशेप, मिरी, बदाम, साखर. ते वाटायला पाटा, घोटायला वेळ, आणि निमित्त असलेला एक दिवस. विसर्जनानंतर पहिल्यांदा आमच्या जिन्यात सिद्धीचा पेला पुढे आला तेव्हा मी बावरले होते. घरातल्या आजींनी करंगळी बुडवून माझ्या जिभेला लावली आणि पेला पुढे नेला. दुधाच्या मागून एक हिरवी कडवट चव आली. ती मला आजही ओळखता येईल. दुर्गा गेल्याची पोकळी होती त्या संध्याकाळी, आणि कडू-गोड दोन्ही तिच्यात बसत होतं.

हॅम्बुर्गच्या बाल्कनीत गोडी झाडाच्या आत गेली आहे. कॅलिफोर्नियात गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘कुकीज’, ‘जिलाटो’, ‘वेडिंग केक’ अशा नावांची वाणं एकामागून एक निघाली आणि तिथून जगभर गेली. नावं दुकानदाराची असतील, पण वास खरा आहे. तो येतो कुठून, हे कळल्यावर मला जरा वेळ काही सुचेना. नशा आणणारा मुख्य घटक, जो गाओनी आणि मेशुलाम यांनी १९६४ साली इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, त्याचा या वासाशी संबंध नाही. वास येतो राळेतल्या उडून जाणाऱ्या तेलांमधून. त्यांतलं लिमोनीन लिंबाच्या सालीत आहे, लिनालूल धण्यात आहे, कॅरिओफिलीन मिऱ्यात आणि लवंगेत आहे. तुळशीतही आहे. ‘तुळशीत भांग आणि भांगेत तुळस’ ही म्हण आपण घराण्यातल्या माणसांना लावतो. पण वासापुरती ती अक्षरशः खरी आहे : जो पदार्थ तुळशीच्या मंजिरीत आहे तोच भांगेच्या शेंड्यात.

आणि त्यापुढची गंमत २०२३ सालच्या एका अमेरिकन संशोधनात आली. ही तेलं बहुतेक सगळ्या वाणांत सारखीच असतात. एकाला मिठाईचा आणि दुसऱ्याला मिरमिरीत वास देतात ते त्यांच्याहून फार थोड्या, कणभर प्रमाणात असलेले दुसरेच पदार्थ. फळांना वास देणाऱ्या एस्टरांच्या कुळातले काही, लसणासारखे गंधकाचे काही, आणि इंडोलच्या कुळातले काही. इंडोल मोगऱ्यात असतं, आणि त्याचाच जवळचा नातलग स्कॅटोल शेणात. कणभर इकडे की सुवास, कणभर तिकडे की दुर्गंध. वाण तयार करणारे लोक पिढी दर पिढी त्या कणाच्या मागे आहेत. मला त्यांच्यात परखदार दिसतो आणि अमीरही दिसतो. कारागिरीला मी कमी लेखणार नाही.

थंडीची कारागिरी तर त्याहून नाजूक. हे झाड रात्रीची लांबी ओळखतं. रात्र मोठी होऊ लागली की ते फुलावर येतं. हावड्यात सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, हॅम्बुर्गला सतरा. तिथे रात्र लांबायला उन्हाळ्याची अखेर होते, आणि शेंडे भरतात तोवर ऑक्टोबरचा पाऊस आणि करडी बुरशी. त्यावर उपाय सापडला रशियाच्या रानात. यानिशेव्हस्की या शास्त्रज्ञाने १९२४ साली ‘रुडरॅलिस’ नावाने वर्णन केलेलं एक बुटकं, दिसायला गरीब झाड रात्रीची वाट बघत नाही, वयात आलं की फुलतं. त्याच्याशी संकर केला आणि उत्तरेच्या तुटपुंज्या उन्हाळ्यात पीक हाताला येऊ लागलं. गार रात्री पडल्या की काही वाणांची पानं जांभळी होतात, जांभळाच्या सालीला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातल्या द्रव्यामुळे. भाचीने फोटो पाठवला होता. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

थंडी आणि गोडी यांचं नातं मला इथे दुसऱ्या एका झाडाने शिकवलं आहे. पौषात गावाकडून नोलेन गूर येतो. खजुराच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं टांगतात. रात्र जितकी गार तितका रस स्वच्छ आणि गोड. ऊन चढलं की तोच रस आंबतो आणि ताडीच्या वाटेला लागतो. म्हणून पहाटे धुक्यात मडकं उतरवून लगेच चुलीवर चढवायचं. एकाच झाडाचा एकच रस : पहाटे लहान मुलांचा खाऊ, दुपारी प्रौढांची झिंग. मधे फक्त चार तास आणि थोडी ऊब. फेब्रुवारी सरला की गूळ संपतो आणि मग तो कितीही पैसे दिले तरी तसा मिळत नाही. ही न मिळण्याची मुदत मला त्या गोडीचाच भाग वाटते.

इथेच मला हॅम्बुर्गच्या कुंडीबद्दल जे वाटतं ते सापडतं. कडू चव माणसाला थांबवत होती. दूध-साखर घालून ती ओलांडायची, तर चार माणसं लागत, सण लागे. गोडी झाडातच भरल्यावर थांबवणारं कोणी उरत नाही. आणि याच काळात राळेचा जोरही वाढला : अमेरिकेत जप्त झालेल्या मालात नशेच्या घटकाचं सरासरी प्रमाण १९९५ च्या सुमारास ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या घरात गेलं. जोर तिप्पट, आणि चवीला बिस्किट. लहान वयातल्या मेंदूला याचा अपाय होतो हे आता नीट ठाऊक आहे. माझी चिंता तिथे आहे, झाडावर माझा राग नाही.

राग तर १८९३ साली नेमलेल्या आयोगालाही नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटात गांजाविरुद्ध आवाज उठला म्हणून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ बसलं. सात सभासदांत तीन भारतीय. ११९३ साक्षी. मुंबई इलाख्यातल्या नगर जिल्ह्याच्या गांजाचीही त्यात नोंद आहे. आणि ज्या जेम्स कॅम्बेलच्या गॅझेटियरांवर महाराष्ट्राचा अभ्यास करणारे आजही टेकून उभे आहेत, त्यानेच या आयोगासाठी भांग आणि हिंदू धर्म यांच्या नात्यावर टिपण लिहिलं, तेही परक्याच्या कुतूहलाने नव्हे, आत शिरून. आयोगाने सांगितलं की बेताच्या वापराने फारसं नुकसान दिसत नाही, अतिरेकाने दिसतं, आणि सरसकट बंदी घालू नये. आपल्या १९८५ च्या कायद्याने वेगळी वाट घेतली : फुलांचा शेंडा गुन्हा, आणि शेंडा सोबत नसेल तर पान आणि बी त्या व्याख्येच्या बाहेर. एकाच झाडावर रेघ ओढली गेली, साधारण तिथेच जिथे परखदाराचं बोट टेकत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा पुन्हा फोन आला. पावसाची झड लागली होती आणि शेंड्यांवर करडी बुरशी चढली होती. थंड हवेचं वाण असूनही. नवऱ्याने झाड काढून टाकलं, त्याला वाईट वाटलं. “वास मात्र अजून भिंतीला आहे,” ती म्हणाली.

मग म्हणाली, शेजारच्या कुंडीत तिने अंबाडी लावली होती, तिथल्याच एका दुकानात बी मिळालं म्हणून. ती अजून तग धरून आहे. फूल आलं नाही, येणारही नाही आता, पण पानं आहेत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघून बोटांनी झाडं मोजली होती, एक, दोन. भाचीने जिना उतरून एक पान त्यांच्या हातात दिलं आणि खायची खूण केली.

“मग?” मी विचारलं.

“डोळे मिटले त्यांनी. आंबट लागलं.”

मी तिला भाजीत कण्या कधी घालायच्या ते सांगितलं. तिथे ज्वारीच्या कण्या मिळत नाहीत म्हणाली, तांदळाच्या चालतील का. चालतील म्हटलं, आधी भिजत घाल.